मऊ जेल, ताठर जेल आणि मानवी डोळ्यातील पेशी

डोळ्याच्या पुढच्या भागात दर मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर नेत्रजल (अश्रू नव्हे, डोळ्याच्या आतला पातळ द्रव) तयार होते आणि जवळजवळ तेवढेच बाहेर पडते. बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि कनीनिका (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) जिथे मिळतात त्या कोनात असतो. तिथल्या ट्रॅबेक्युलर मेशवर्क नावाच्या जाळीदार ऊतीतून गाळून हे जल श्लेमच्या नलिकेत उतरते आणि पुढे शिरांमध्ये मिसळते. या जाळीचा विरोध वाढला की डोळ्यातील दाब चढतो आणि चढलेला दाब हा काचबिंदूतील सर्वांत मोठा, आणि औषधाने आटोक्यात आणता येण्याजोगा, धोक्याचा घटक आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता.

मी या विषयाकडे वळले ते २०११ सालच्या एका शोधनिबंधामुळे. त्यात नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्यांतील ही जाळी अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली सूक्ष्म टोकाने दाबून तिची ताठरता मोजलेली होती. निरोगी ऊतीचा यंग गुणांक (ताठरतेचे माप; जितका मोठा तितकी ऊती ताठर) सरासरी ४ किलोपास्कल, तर काचबिंदू झालेल्या ऊतीचा सुमारे ८० किलोपास्कल भरला होता. वीसपट फरक पाहून साहजिकच प्रश्न पडतो की ही ताठरता आजाराचा केवळ परिणाम आहे, की ताठर झालेली ऊतीच आपल्यातील पेशींना वेगळी जनुके वापरायला लावते आणि आजार पुढे ढकलते. दक्षिण भारतातील एका नेत्रसंशोधन संस्थेत पीएच.डी.साठी रुजू झाल्यावर मी हाच प्रश्न मागून घेतला. मानवी पेशी वेगवेगळ्या ताठरतेच्या जेलवर वाढवायच्या, त्यांतील आरएनए (वापरात असलेल्या जनुकांच्या प्रती) काढायचा आणि कोणते जनुक कुठे वर जाते, कुठे खाली येते ते पाहायचे, इतका सरळ आराखडा कागदावर होता.

पेशी मिळवण्यापासूनच या कामाची चाल मंद असते. नेत्रदानातून आलेल्या पारपटलाचा मधला गोल तुकडा रुग्णाला बसवल्यानंतर कडेची जी कड उरते, तिच्यात ट्रॅबेक्युलर मेशवर्क शाबूत असते. संशोधनासाठी नातेवाइकांची संमती असेल आणि संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी असेल, तर ती कड आम्हाला मिळत असे. सोबतच्या कागदावर वय, लिंग, मृत्यूचे कारण आणि मृत्यूपासून डोळा काढेपर्यंत गेलेला वेळ एवढेच लिहिलेले असे. शस्त्रक्रिया कधी ठरते त्यावर आमचे वेळापत्रक ठरत असल्यामुळे कित्येकदा संध्याकाळी निघण्याच्या तयारीत असताना नेत्रपेढीतून फोन येई आणि निर्जंतुक हवेचा हूड पुन्हा सुरू करावा लागे.

स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली ही कड ठेवली की पारपटलाच्या पारदर्शक भागाला लागून एक फिकट तपकिरी पट्टी दिसते. पुढच्या बाजूला श्वाल्बेची रेषा आणि मागच्या बाजूला स्क्लेरल स्पर या दोन खुणांच्या मध्ये पातळ छेद घेऊन ती पट्टी चिमट्याने सोलून काढावी लागते. छेद थोडा पुढे गेला तर पारपटलाच्या पेशी सोबत येतात आणि मागे गेला तर सिलिअरी स्नायूच्या. पट्टीचे बारीक तुकडे जिलेटिन लावलेल्या बशीत ठेवले की त्यांच्या कडेने पेशी हळूहळू बाहेर सरकू लागतात. तरुण दात्याच्या ऊतीतून हे लवकर घडते. वृद्ध दात्याच्या तुकड्यांभोवती आठवडे उलटले तरी काहीच दिसत नाही आणि मग ती बशी टाकून द्यावी लागते.

बाहेर आलेल्या पेशी खरोखर ट्रॅबेक्युलर मेशवर्कच्याच आहेत हे सिद्ध करणे ही वेगळी पायरी आहे. २०१८ साली या क्षेत्रातील संशोधकांनी एकत्र येऊन जी सहमतीची सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांनुसार सर्वांत भरवशाची खूण म्हणजे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडला मिळणारा प्रतिसाद. आठवडाभर १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन दिल्यावर मायोसिलिन हे प्रथिन ठळकपणे वाढले पाहिजे. मायोसिलिनच्या जनुकातील बिघाड काचबिंदूला कारणीभूत होऊ शकतो हे १९९७ सालापासून ठाऊक आहे, आणि स्टिरॉइडच्या थेंबांनी काही लोकांच्या डोळ्यातील दाब वाढतो हेही प्रत्येक नेत्रतज्ज्ञ जाणतो. आपल्याकडे डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले जातात. त्यातून दृष्टी गमावलेली मुले आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील बाह्यरुग्ण विभागात दिसत, त्यामुळे ही चाचणी माझ्यासाठी कधीच केवळ ओळखपरेड राहिली नाही. पुढे २०१५ सालच्या एका अभ्यासात डेक्सामेथासोनमुळे या पेशी, त्यांनी विणलेले पेशीबाह्य जाळे आणि मूळ ऊती हे सगळेच अधिक ताठर होत असल्याचे दिसले, आणि स्टिरॉइडचा धागाही ताठरतेच्याच प्रश्नाला येऊन मिळाला.

जेलसाठी पॉलिॲक्रिलामाइड वापरतात. प्रथिने वेगळी करण्यासाठी प्रत्येक जैवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ओततात तेच. पेशींसाठी त्याचा असा उपयोग १९९७ साली पहिल्यांदा दाखवला गेला. त्याचा मोठा गुण असा की ॲक्रिलामाइड आणि बिस-ॲक्रिलामाइड यांचे प्रमाण बदलले की ताठरता बदलते, पण पृष्ठभागाचे रसायन बहुतांशी तेच राहते. ५ टक्के ॲक्रिलामाइड आणि ०.१५ टक्के बिस घेतले तर साधारण साडेचार किलोपास्कलचे जेल मिळते; ८ टक्के आणि ०.४८ टक्के घेतले तर सुमारे ४० किलोपास्कलचे. मी या दोन्ही कृती घेतल्या, मध्ये एक पायरी ठेवली आणि तुलनेसाठी नेहमीची प्लास्टिकची बशी ठेवली. ८० किलोपास्कलपर्यंत जाण्याची निकड मला वाटली नाही, कारण २०११ नंतर इतरांनी केलेल्या मोजण्यांत निरोगी आणि आजारी ऊतींमधील फरक वीसपटीपेक्षा बराच लहान दिसला होता. जाळीची पट्टी लांबीच्या दिशेने ताणून केलेल्या मोजणीत तर काचबिंदूची ऊतीच मऊ निघाली होती. टोकाने दाबणे, पट्टी ताणणे, ताजी ऊती, साठवलेली ऊती यांतील प्रत्येक पद्धत वेगळ्याच गुणधर्माला हात घालते, आणि ‘ऊतीची ताठरता’ असा एकच आकडा असतो हा समज त्या वाचनानंतर मी सोडून दिला.

जेल ओतण्याचे काम हाताला बसायला वेळ लागतो. काचेची कव्हरस्लिप आधी सोडियम हायड्रॉक्साइडने धुवायची, मग एका सिलेन संयुगाचा आणि त्यावर ग्लुटराल्डिहाइडचा थर द्यायचा, म्हणजे जेल काचेला घट्ट चिकटते. वरून ठेवायची कव्हरस्लिप मात्र पाणी न धरणारी करून घ्यायची, म्हणजे ती नंतर अलगद सुटते. मिश्रणातील हवा काढून अमोनियम परसल्फेट आणि टेमेड ही जेल गोठवणारी रसायने घातली की दोन काचांमध्ये थेंब पसरवण्यासाठी फारच थोडा वेळ हाताशी असतो. अर्ध्या तासाने वरची काच उचलताना मऊ जेल फाटते, ताठर जेलच्या कडा उचलल्या जातात, आणि दोन्ही सुरळीत निघाले असा दिवस मला फार क्वचित लाभला. जेलमध्ये अडकलेले, न जुळलेले ॲक्रिलामाइड चेतासंस्थेला आणि पेशींना विषारी असते, म्हणून ते अनेकदा धुऊन काढावे लागते.

नुसत्या पॉलिॲक्रिलामाइडला पेशी चिकटत नाहीत. त्यासाठी सल्फो-सॅनपाह नावाचे, प्रकाशाने सक्रिय होणारे संयुग जेलवर पसरून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ठेवतात. त्याचा भडक केशरी रंग गडद तपकिरी झाला की मग त्यावर कोलॅजन हे पेशींना पकड देणारे प्रथिन जोडता येते. पाण्यात ते संयुग झपाट्याने निकामी होते, त्यामुळे विरघळवल्यापासून जेलवर ओतेपर्यंत दुसऱ्या कशाकडेही लक्ष देऊन चालत नाही. येथे एक जुना वादही आडवा येतो. २०१२ साली एका गटाने असे मांडले की पेशींना जाणवतो तो जेलचा मऊपणा नसून कोलॅजन जेलला किती ठिकाणी बांधलेले आहे ते. मऊ जेलवर बांधणीचे बिंदू विरळ असल्याने पेशी वेगळ्या वागतात. २०१४ साली दुसऱ्या गटाने बांधणी बदलून आणि ताठरता तीच ठेवून दाखवले की वर्तन ताठरतेबरोबरच बदलते. मला दुसरी बाजू अधिक पटते. तरीही मी प्रत्येक खेपेच्या जेलवर चमकणाऱ्या प्रतिपिंडाने कोलॅजन मोजून घेत असे, कारण सर्व जेलवर ते सारखे आहे हे दाखवल्याशिवाय पुढचा कोणताही निष्कर्ष परीक्षकासमोर टिकला नसता.

कृतीच्या कागदावर लिहिलेली ताठरता प्रत्यक्ष जेलमध्ये उतरलेली असेलच असे नाही. रसायनाची बाटली किती जुनी आहे, खोलीचे तापमान किती आहे, धुताना जेल किती फुगले आहे, यांवर ती हलते. म्हणून प्रत्येक खेपेतील काही जेल बाजूला काढून अणुबल सूक्ष्मदर्शकाकडे न्यावे लागत. ते यंत्र आमच्याकडे नव्हते. शहरातील दुसऱ्या संस्थेत वेळ मागून घ्यावी लागे. टोकाला लहान गोलक चिकटवलेली तरफ जेलमध्ये हळूच दाबायची आणि मिळालेल्या वक्रावर, दाब आणि खोली यांवरून ताठरता काढणारे हर्ट्झचे सूत्र बसवायचे. जेलच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा खोल दाबले तर खालच्या काचेची ताठरता आकड्यात मिसळते. पेशींचेही असेच आहे. काही मायक्रॉन जाडीच्या जेलवर बसलेल्या पेशीला खालची काच जाणवते. माझे जेल सुमारे शंभर मायक्रॉन जाडीचे असल्याने ती काळजी उरली नव्हती. ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेली खेप मी वापरत नसे, आणि त्यामुळे सहकाऱ्यांना माझा हात जरा जास्तच उधळा वाटे.

पेशी जेलवर पेरल्यानंतर पहिल्या दिवशीच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फरक दिसतो. मऊ जेलवर त्या आकसलेल्या, लहान राहतात. ताठर जेलवर पसरतात, लांबट होतात. फॅलोइडिन या रंजकाने ॲक्टिन (पेशीचा सांगाडा घडवणारे प्रथिन) रंगवले की ताठर जेलवरच्या पेशींत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या जाड दोऱ्या उठून दिसतात आणि मऊ जेलवर त्या जवळजवळ नाहीशा होतात. यामागची यंत्रणा आता बऱ्यापैकी उलगडलेली आहे. पेशी इंटिग्रिन प्रथिनांनी पृष्ठभागाला पकडते आणि ॲक्टिन व मायोसिन यांच्या साहाय्याने तो ओढून पाहते. पृष्ठभाग ओढीला दाद देत नसेल तर पकडीचे बिंदू मोठे होतात, ऱ्हो आणि ऱ्हो-कायनेज या प्रथिनांची साखळी अधिक चेतते आणि पेशीतील ताण वाढतो. हा ताण केंद्रकापर्यंत पोहोचतो, आणि याप व टॅझ ही दोन प्रथिने पेशीद्रवातून केंद्रकात शिरून टीड गटातील प्रथिनांच्या जोडीने ठरावीक जनुके सुरू करतात. याप आणि टॅझ ताठरतेचा निरोप वाहतात हे २०११ साली इटलीतील पादुआ विद्यापीठातील गटाने दाखवले.

पण यापला केवळ ताठरताच हलवते असे नाही. पेशी एकमेकींना चिकटून दाट झाल्या की हिप्पो संकेतमार्ग त्याला केंद्रकाबाहेर काढतो, मग खाली जेल मऊ असो वा ताठर. मऊ जेलवर मुळातच कमी पेशी चिकटत असल्यामुळे सर्व जेलवर सारख्याच पेशी पेरल्या तर तीन दिवसांनी घनता वेगवेगळी असते, आणि मग दिसणारा फरक ताठरतेचा की दाटीचा हे सांगता येत नाही. म्हणून मी मऊ जेलवर मुद्दाम जास्त पेशी पेरून अखेरची घनता जुळवून घेत असे आणि आरएनए काढण्यापूर्वी प्रत्येक जेलवरच्या केंद्रकांची गणती करत असे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून निघालेले निष्कर्ष वाचनात आले की मी ते अर्ध्याच विश्वासाने घेते.

आरएनए काढताना जेल स्वतःच अडथळा बनते. ते स्पंजासारखे द्रव शोषून ठेवते, त्यामुळे वरून विलायक ओतले तर ते पातळ होते आणि हाती काहीच लागत नाही. यावरचा प्रयोगशाळांमध्ये रुळलेला उपाय म्हणजे विलायकाचा थेंब स्वच्छ पृष्ठभागावर ठेवून कव्हरस्लिप त्यावर पालथी घालणे, म्हणजे फक्त पेशीच विरघळतात. तरीही एका जेलमधून मिळणारा आरएनए इतका थोडा असतो की एकाच दात्याच्या अनेक जेलचा आरएनए एकत्र करावा लागतो.

यानंतर सर्वांत विचार करायला लावणारी पायरी येते, आणि ती बहुतेक शोधनिबंधांत एका ओळीत उरकलेली असते. वास्तविक काळातील पीसीआरमध्ये (आवर्तनागणिक प्रती दुप्पट करून त्या मोजण्याच्या पद्धतीत) एखाद्या जनुकाचे प्रमाण स्वतंत्रपणे सांगत नाहीत. जे जनुक परिस्थितीनुसार बदलत नाही असे मानले जाते, त्याच्याशी तुलना करून सांगतात. एका आवर्तनाचा फरक म्हणजे प्रमाणात दुपटीचा फरक, त्यामुळे तुलनेचे जनुक थोडेसे जरी सरकले तरी सगळे निष्कर्ष सरकतात. अनेक प्रयोगशाळांत यासाठी बीटा-ॲक्टिन सवयीने वापरतात. ताठरतेच्या प्रयोगात ते चालणारच नाही. ताठर पृष्ठभागावर सुटे ॲक्टिन रेणू दोऱ्यांमध्ये गुंफले जातात. त्या सुट्या रेणूंनी धरून ठेवलेले एमआरटीएफ हे प्रथिन मोकळे होऊन केंद्रकात जाते आणि एसआरएफ या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीने जी जनुके चालवते, त्यांत बीटा-ॲक्टिनचे जनुकही असते. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची, तेच जेलनुसार वरखाली होते. मी रूढ असलेली अनेक तुलनेची जनुके सर्व जेलवर आणि सर्व दात्यांच्या पेशींत मोजली, जीनॉर्म पद्धतीने त्यांची स्थिरता काढली आणि सर्वांत कमी हलणाऱ्या जनुकांची सरासरी पुढे वापरली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पीसीआरच्या मार्गदर्शक सूचना हेच करायला सांगतात. या कामात गेलेल्या काळाबद्दल गटाच्या बैठकीत मला अधूनमधून टोकले जाई. तो काळ सत्कारणी लागला असे माझे मत आजही कायम आहे.

जेलवर तीन दिवस ठेवलेल्या पेशींत सर्वांत स्पष्ट उत्तर सीटीजीएफ या जनुकाने दिले. ते यापचे ठरलेले लक्ष्य आहे आणि पेशीबाह्य जाळे वाढवणाऱ्या प्रक्रियांशी जोडलेले आहे. माझ्याकडच्या प्रत्येक दात्याच्या पेशींत ते ताठर जेलवर वर गेले, पण एकात ठळकपणे आणि दुसऱ्यात जेमतेम. फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजन या पेशीबाह्य जाळ्यातील प्रथिनांच्या जनुकांचे चित्र इतके सरळ नव्हते. काही दात्यांत ती ताठरतेबरोबर वाढली, काहींत जवळपास हललीच नाहीत. एकाच जेलवरच्या दोन दात्यांमधील अंतर पुष्कळदा एकाच दात्याच्या मऊ आणि ताठर जेलमधील अंतरापेक्षा मोठे होते. म्हणूनच या प्रयोगांत नमुन्यांची संख्या म्हणून दाते मोजायचे असतात, बशीतील खाचा नव्हेत. एकाच दात्याच्या पेशी अनेक खाचांत पेरून आलेखावर छोट्या त्रुटीरेषा (अनिश्चितता दाखवणाऱ्या रेषा) मिळवणे सोपे आहे, पण त्या रेषा त्या एका माणसाविषयीच काही सांगतात. मी आलेख काढताना प्रत्येक दात्याचे मऊ आणि ताठर जेलवरचे बिंदू एका रेषेने जोडून दाखवते, सरासरीचे खांब उभे करत नाही.

प्लास्टिकच्या बशीतील पेशींचे निकाल मात्र मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारे होते. पॉलिस्टायरिनची ताठरता सुमारे ३ गिगापास्कल असते, म्हणजे २०११ साली मोजलेल्या निरोगी ऊतीच्या सात लाख पटींहून अधिक. ट्रॅबेक्युलर मेशवर्कच्या पेशींविषयी जे पुष्कळसे ज्ञान जमा झाले आहे, ते याच पृष्ठभागावर वाढलेल्या पेशींतून आलेले आहे. मी ज्याला सुरुवातीपासून ‘नियंत्रण’ म्हणत होते, ती बशी डोळ्यातल्या कोणत्याही, अगदी आजारी ऊतीपेक्षाही, वेगळी परिस्थिती होती, आणि सीटीजीएफच्या बाबतीत तिथल्या पेशी ४० किलोपास्कलच्या जेलवरील पेशींच्या जवळ होत्या. त्यानंतर मी तुलनेचा आधार मऊ जेल केला आणि प्लास्टिकला एक टोकाची परिस्थिती म्हणून आलेखात वेगळे स्थान दिले.

पेशी ही प्लास्टिकवरची सवय लगेच सोडतही नाहीत. २०१४ साली मूलपेशींवर झालेल्या एका अभ्यासात दिसले की ताठर पृष्ठभागावर दीर्घकाळ राहिलेल्या पेशी नंतर मऊ पृष्ठभागावर आणल्या तरी यापला केंद्रकातच धरून ठेवतात. कमी काळ राहिलेल्या पेशींत मात्र तो पुन्हा बाहेर येतो. माझ्या पेशीही जेलवर येण्यापूर्वी आठवडेच्या आठवडे प्लास्टिकवर वाढलेल्या होत्या. त्यामुळे मी सुरुवातीच्या दोन-तीन पॅसेजच्या (पेशी वाटून नव्या बशीत हलवण्याच्या फेऱ्यांच्या) पुढच्या पेशी घेणे बंद केले, आणि ज्या दात्याची ऊती पुरेशी होती त्याच्या काही पेशी पहिल्या पॅसेजपासूनच मऊ जेलवर वाढवल्या. त्या फार सावकाश वाढतात आणि हाती येणारा आरएनए आणखी कमी असतो, पण ताठर जेलवर हलवल्यानंतर त्यांचा प्रतिसाद अधिक स्पष्ट येतो.

शेवटचा मोठा प्रयोग कारणाच्या बाजूने होता. ताठर जेलवरच्या पेशींना ऱ्हो-कायनेज रोखणारे वाय-२७६३२ हे संयुग १० मायक्रोमोलर प्रमाणात दिले. ॲक्टिनच्या दोऱ्या विरघळल्या, याप मोठ्या प्रमाणात केंद्रकाबाहेर आला आणि सीटीजीएफ खाली उतरले. खालचे जेल होते तितकेच ताठर होते. म्हणजे पेशी जेलची ताठरता स्वतःच्या ओढीतूनच मोजत होत्या, आणि ती ओढ थांबवली की ताठर पृष्ठभागाचा जनुकांवरचा जोर ओसरत होता. याच मार्गावर काम करणारी औषधे आता काचबिंदूसाठी वापरात आहेत. रिपासुडिलला जपानमध्ये २०१४ साली आणि नेटारसुडिलला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पेशींना सैल करून नेत्रजलाची वाट मोकळी करणे हा त्यांचा तातडीचा परिणाम मानला जातो. दीर्घकाळ वापरल्यावर ती जाळीतील पेशींची जनुके, आणि त्यांतून जाळीची ताठरताही, बदलतात का, हे तीन दिवसांच्या जेलवरून ठरणार नाही. त्यासाठी सध्या मी पेशींना जेलवर अनेक आठवडे ठेवून त्यांनी स्वतः विणलेले जाळे अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली मोजत आहे, औषध देऊन आणि न देता, आणि दरवेळी त्याच दात्याच्या पेशींची जोडी घेऊन.